पाव टक्क्याचं सिंगापूर



‘आपल्या शहराचं सिंगापूर कधी होणार?’ हा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला आणि राहवलं नाही. लेखकमहाशयांनी चांगी विमानतळ ते मरीना बे या रस्त्यावरची हिरवाई पाहिली आणि तिलाच निसर्ग म्हटलं. अहो, त्या रस्त्यावरचे डेरेदार पर्जन्यवृक्ष अमेरिका खंडातले, पुलांवरची बोगनवेल तिकडचीच आणि फोटोतले ‘सुपरट्री’ तर काँक्रीट-पोलादाचे!

ब्रूक, सोधी प्रभृती शास्त्रज्ञांनी २००३ साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत मांडलेला हिशेब लेखात कुठेच नाही. १८१९ मध्ये इंग्रज इथे सिंगापुरात उतरल्यापासून ९५ टक्क्यांहून अधिक मूळ अधिवास गेला. उरलेल्या जैवविविधतेपैकी निम्म्याहून जास्त राखीव जंगलांत तगून आहे आणि ती जंगलं देशाच्या ०.२५ टक्के जमिनीवर. पाव टक्का! २०३० पर्यंत दहा लाख झाडं लावण्याची मोहीम चालू आहे, उत्तमच. पण रोपं लावून रान होत नाही. माझ्या इमारतीखाली सकाळी पानं उडवणारं यंत्र घरघरू लागतं. पडलेलं पान दुपारनंतर जमिनीवर दिसत नाही. पान कुजणार नसेल तर किडे कुठून येणार आणि किडे नसतील तर पक्षी खाणार काय?

हीच साखळी फळांनाही लागू आहे. मलेशियाहून येणाऱ्या दुर्यान या फळाच्या भावावरून आम्ही इथे कुरकुरतो. त्या झाडाची फुलं रात्री उमलतात आणि फळ धरतं ते मुख्यतः वटवाघळांच्या जिवावर. त्यांना आसरा देणारी रानं आणि गुहा संपत्तीत कोण मोजतं?

फेब्रुवारी २०२१ मध्ये इथल्या क्रांजी भागात जैवविविधतेचा अभ्यास पुरा होण्याआधीच काही हेक्टर झाडी सपाट झाल्याचं उघडकीला आलं. शिस्तीच्या सिंगापुरात ही गत, तर २०१९ मध्ये आरेत दोन हजारांवर झाडं तोडणाऱ्या मुंबईने यातलं नेमकं काय उचलायचं? उचलायचंच तर चेक जावा उचला. पुलाउ उबिन बेटाचा हा किनारा भराव टाकून बुजवणार होते. लोक ओहोटीला तिथे जाऊन पाहून आले, बोलले, आणि डिसेंबर २००१ मध्ये सरकारने भराव लांबणीवर टाकला.

जाता जाता आणखी एक. मॅकरिची जलाशयापाशी माकडांना बिस्किटं टाकताना आपलीच पाहुणेमंडळी दिसतात, वर ‘घे रे, घे’ असा आग्रह. पहिल्या गुन्ह्यालाच ५,००० सिंगापूर डॉलरपर्यंत दंड आहे. इथल्या कडक कायद्यांचं घरी जाऊन कौतुक करणाऱ्यांनी निदान हा एक तरी पाळावा.

– एक वाचक, बुकित पांजांग, सिंगापूर