जागच्या जागी सायकल

गेले बारा दिवस आमच्या रायबंदरच्या घराच्या सोप्यात एक लोखंडी घोडी उभी आहे आणि तिच्यावर माझी सायकल चढवलेली आहे. मागचे चाक जमिनीपासून दोन बोटे वर, पुढचे चाक एका जुन्या पाटावर. मी पेडल मारतो, चाक फिरते, घाम येतो, आणि अर्ध्या तासाने उतरतो तेव्हा जिथे चढलो तिथेच असतो! ह्या वस्तूला इनडोअर ट्रेनर म्हणतात. ती पर्वरीला राहणाऱ्या माझ्या भाच्याची. "मामा, पैसे घालण्याआधी चार दिवस वापरून बघ," म्हणून तो ठेवून गेला. चाराचे बारा झाले. तो परत मागायच्या आत मला ठरवायचे आहे, आपला एक घ्यायचा की नाही.

वर्षातले आठ महिने हा प्रश्नच पडत नाही. ऑक्टोबर उजाडला की सकाळी सहाला मी बाहेर. एके दिवशी जुन्या गोव्याहून फेरीबोटीने दिवाडीला, दुसऱ्या दिवशी उलट दिशेने मिठागरांच्या कडेने पणजीला. पणजी-रायबंदर जोडणारी ती तीन किलोमीटरची वाट पोर्तुगीजांनी १६३४ च्या सुमारास बांधून पूर्ण केली. तिच्यावरून सायकलने जाताना एका बाजूला मांडवी आणि दुसऱ्या बाजूला खाजनातले बगळे असतात. दिवाडीचे तर बोलायलाच नको. सप्तकोटेश्वराचे ते मूळ स्थान, आणि आजही सकाळच्या पहिल्या फेरीला तिथे मोटारीच्या आवाजापेक्षा कोंबड्याचा आवाज आधी ऐकू येतो.

मग जून येतो. आपल्याकडे वर्षाला तीनेक हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा ह्या चार महिन्यांत. पाऊस लागला म्हणून मी सायकल कधी बंद ठेवली नव्हती. रेनकोट चढवून जात असे. पण गेल्या वर्षी आषाढात, पाण्याने भरलेला एक खड्डा मला साधे डबके वाटला. पुढचे चाक आत गेले, मी हातावर पडलो आणि उजव्या मनगटाला सहा आठवडे प्लास्टर. त्या दिवसापासून घरात एक अलिखित कायदा झाला आहे. मृग लागला की सायकल आत. तो मोडायची माझी हिंमत नाही, आणि खरे सांगायचे तर आता मलाही तेवढी खुमखुमी राहिलेली नाही.

एवढेच असते तर चार महिने पुस्तके वाचून काढली असती. पण माझ्या कपाटात डॉक्टरांची एक फाईल आहे. साखरेची एचबीएवनसी नावाची तपासणी मी वर्षातून दोनदा करतो, मे महिन्यात आणि ऑक्टोबरात. ही तपासणी त्या दिवसाची साखर सांगत नाही, आधीच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते. म्हणजे ऑक्टोबरचा कागद हा नेमका चातुर्मासाचा हिशेब! तीन वर्षांचे कागद मी शेजारी शेजारी ठेवून पाहिले. मे महिन्यात आकडा ६.२, ६.३ असा. ऑक्टोबरात ६.८, ६.९, आणि प्लास्टरच्या वर्षी ७.१. चतुर्थीच्या नेवऱ्या आणि मोदक ह्यात आहेतच, ते मी नाकारत नाही. पण स्नायू काम करू लागले की रक्तातली साखर ते स्वतःहून ओढून घेतात, आणि हा परिणाम एक-दोन दिवसच टिकतो. म्हणून मधुमेहाचे डॉक्टर व्यायामात सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड नको म्हणतात. मी तर चार महिन्यांचा खंड पाडत होतो.

तुम्ही म्हणाल, मग ह्यात ठरवायचे काय? घ्या आणि मारा पेडल. पण २०११ साली आमच्या घरात एक व्यायामाची सायकल आली होती. तीन आठवडे मी तिच्यावर बसलो आणि पुढची सहा वर्षे तिने टॉवेल वाळवले. पत्नी ती गोष्ट विसरलेली नाही. भाच्याने घोडी आणली तेव्हा तिने काहीही न बोलता एक ओला टॉवेल आणून माझ्या हातात दिला.

बाजारात चौकशी केली तर ह्या घोड्यांच्याही जाती आहेत. भाच्याची सर्वांत साधी. तिच्यात सायकलीचे मागचे चाक एका रुळावर टेकते आणि त्या रुळाला चुंबकाचा अटकाव असतो. हँडलवरची खिटी सरकवली की चढ जड होतो, विजेची गरज नाही. दुसरीत चुंबकाऐवजी तेल असते, तुम्ही जितक्या जोरात माराल तितके ते अडवते, आणि आवाज कमी. तिसऱ्या जातीत मागचे चाकच काढून ठेवायचे आणि साखळी थेट यंत्राच्या दातेरी चक्रांवर चढवायची. ती स्मार्ट. फोनशी किंवा संगणकाशी जोडायची, पडद्यावर डोंगर आला की यंत्र आपोआप जड होते. साधी दहा-पंधरा हजारांच्या आसपास मिळते, स्मार्टसाठी पन्नास हजारांच्या पुढे तयारी हवी. मुलगा पुण्याहून फोनवर स्मार्टचाच आग्रह धरून आहे. पैसे तो देणार आहे, त्यामुळे मला जास्तच विचार करावा लागतो.

स्मार्ट यंत्राची मी थट्टा करणार नाही. २०२० साली सगळे जग दाराआड बसले होते तेव्हा ह्याच यंत्रांवर, झ्विफ्ट नावाच्या ॲपमधून, जुलै महिन्यात टूर द फ्रान्सची घरबसली आवृत्ती झाली आणि डिसेंबरात जागतिक अजिंक्यपदसुद्धा. ज्यांना शर्यतीची तयारी करायची आहे, किती वॅट शक्ती लागली हे मोजायचे आहे, त्यांना ते हवेच. पण माझे दुखणे वॅटचे नाही. शिवाय आमच्याकडे पावसाने जोर धरला की आधी वीज जाते.

बारा दिवसांत मी जे शिकलो ते कोणत्याही जाहिरातीत नव्हते. पहिल्या दिवशी हौसेने वडिलांची जुनी रॅले चढवायला गेलो. ही घोडी मागच्या आसाला दोन्ही बाजूंनी चिमटा घालते. वडिलांच्या सायकलीच्या आसावर नट, स्टँडच्या पट्ट्या, कॅरिअरच्या पट्ट्या अशी सगळी बिऱ्हाडे, त्यामुळे चिमट्याला जागाच नाही. मग माझी गिअरची सायकल चढवली, तर तिच्या जाड नक्षीच्या टायरने रुळावर असा घरघराट केला की शेजारच्या काकी गिरण सुरू झाली का म्हणून विचारायला आल्या! गुळगुळीत टायर घातला तेव्हा घर शांत झाले. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी खाली जाड रबरी चटई घालावी, नाहीतर खालच्या मजल्यावरच्यांशी संबंध बिघडतील.

आणि घाम! रस्त्यावर आपण पुढे जातो म्हणून वारा लागतो, हे मला साठीला टेकल्यावर कळले. माणसाचे शरीर तसे अकार्यक्षम इंजिन आहे. पेडलमध्ये १०० वॅट घालायचे तर त्याच्या तिप्पट-चौपट उष्णता अंगात तयार होते. ती घामावाटे जायची, पण जुलैच्या आपल्या हवेत घाम सुकतच नाही. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटांत डोके गरगरले. आता समोर पंखा लावतो, वीज गेली की वेग निम्म्यावर आणतो, पाण्याचा तांब्या हाताशी ठेवतो आणि उतरल्यावर सायकल कोरड्या फडक्याने पुसतो, कारण घामातले मीठ लोखंडाला समुद्राच्या वाऱ्याइतकेच वाईट.

कंटाळा येतो का? येतो. दहाव्या मिनिटाला हमखास येतो. रस्त्यावर उतार लागला की पाय थांबतात, कोणी ओळखीचा दिसला की आपण थांबतो. इथे पाय थांबले की चाक थांबले. मी आधी माजघरात भिंतीकडे तोंड करून बसत होतो, ते चौथ्या दिवशी असह्य झाले. मग घोडी सोप्यात आणली आणि तोंड रस्त्याकडे केले. आता समोर पागोळ्या, पलीकडे रस्ता, त्यावर शाळेची मुले. चाळीस मिनिटे निघतात.

माझा एक जुना मित्र, पूर्वी आम्ही दोघे मिळून दिवाडीला जायचो, तो ह्या घोडीवर रागावला आहे. त्याचे म्हणणे, सायकलवाल्यांनी घरात तोंड लपवले तर रस्ते आपले कधीच होणार नाहीत. खड्ड्याविरुद्ध तक्रार करायची सोडून तू सोप्यात बसलास. पणजीला पर्वरीशी जोडणारा अटल सेतू २०१९ साली खुला झाला आणि त्यावर दुचाकींना प्रवेश नाही, हे उदाहरण तो दर वेळी देतो. त्याचा मुद्दा मला पटतो. आपल्या गोव्यात पायी चालणाऱ्याला आणि सायकलने जाणाऱ्याला रस्त्याची कड तेवढी उरली आहे आणि पावसाळ्यात तर तीही गटाराला दिलेली असते. ह्याचा राग यायलाच हवा. पण रागाने माझा ७.१ खाली येत नाही. त्याला मी एवढेच म्हटले, तक्रारीच्या अर्जावर माझी सही आधी घे, आणि मग मला चाळीस मिनिटे दे.

ज्याला बारा महिने घरातच सायकल मारायची आहे, त्याने माझ्या मते ही घोडी घेऊ नये. सरळ व्यायामाची सायकल घ्यावी, ती स्वस्त पडते, चढवायची-उतरवायची कटकट नाही. ट्रेनर त्याच्यासाठी, ज्याची स्वतःची सायकल आहे आणि जो ती पुन्हा रस्त्यावर नेणार आहे. आणि विकत घेण्याआधी कोणाचा तरी मागून आणून भर जुलैत आठवडाभर वापरावा. जानेवारीत दुकानात बसून पाहिलेला ट्रेनर खरे काही सांगत नाही.

मी मुलाला फोन करून सांगितले, स्मार्ट नको. भाचा स्वतः नवीन घेणार आहे, तर ही चुंबकाची साधी घोडीच तो मला अर्ध्या किमतीत देतो आहे. पत्नीची अट एकच आहे: ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात घोडी घडी करून माळ्यावर गेली पाहिजे, सोपा मोकळा झाला पाहिजे. ती मी लगेच मान्य केली. ऑक्टोबरचा कागद काय म्हणतो ते नंतर कळवीन.

एका माणसाची परवानगी मात्र अजून मिळालेली नाही. आमच्या वाड्यावर अजून सायकलने येणारा पदेर आहे. मागे पावाची मोठी टोपली, तिच्यावर निळे प्लास्टिक, अंगावर फाटका रेनकोट आणि हँडलला रबरी भोंगा. कसाही पाऊस असो, साडेसहाला पोंक पोंक करीत तो येतो, उंडे आणि पोये देतो आणि पुढच्या घरी जातो. त्याने गेल्या वर्षी पडलेल्या मला उचलून घरी आणले होते. परवा मुसळधार पावसात तो दारात थांबला, निथळत्या हाताने प्लास्टिक वर केले, घामाने निथळणाऱ्या माझ्याकडे आणि जागच्या जागी फिरणाऱ्या चाकाकडे बराच वेळ पाहिले आणि अगदी गंभीरपणे विचारले,

"सायबा, खंय पावले?"