खिडकीचा एक आकडा चुकला, तर एसीचे गणित कसे बिघडते?

इमारत उभी राहण्याआधीच तिला किती वीज लागेल, याचा अंदाज एनर्जीप्लससारख्या सॉफ्टवेअरवर काढतात. त्यात खिडकीसाठी मुख्यतः तीन आकडे भरावे लागतात. तापमानातील फरकामुळे किती उष्णता जाते, ती यू-व्हॅल्यू. पडलेल्या उन्हातली किती उष्णता आत येते, तो एसएचजीसी. आणि उजेडासाठी व्हीएलटी.

महत्त्वाचा कोणता? पश्चिमेची दोन चौरस मीटरची खिडकी घ्या. साध्या काचेची यू-व्हॅल्यू सुमारे ५.७, एसएचजीसी ०.८२. आत-बाहेर १० अंशांचा फरक असेल तर ११४ वॅट उष्णता येते. पण काचेवर दर चौरस मीटरला ५०० वॅट ऊन पडले, तर ८२० वॅट! म्हणजे आपल्याकडे खरा खेळ एसएचजीसीचा. नुसत्या दुहेरी साध्या काचेने यू-व्हॅल्यू निम्म्यावर येते, एसएचजीसी मात्र ०.७ च्या आसपासच राहतो. जाहिरातीत हे सहसा सांगत नाहीत. २०१७ च्या ईसीबीसी संहितेत व्यापारी इमारतींसाठी, उष्ण हवामानात उत्तर सोडून इतर दिशांना ०.२७ ही कमाल मर्यादा आहे.

चूक कुठे होते? माहितीपत्रकातली यू-व्हॅल्यू बऱ्याचदा फक्त काचेच्या मध्यभागाची असते. अॅल्युमिनियमची चौकट धरली की ती वाढते. दुसरा घोळ एककांचा. अमेरिकी एककातील ०.५ म्हणजे आपल्याकडचे २.८. तसेच ०.५ भरले, तर कागदावर उष्णता कमी दिसते आणि एसी लहान निवडला जातो. तिहेरी काचेला असा आकडा असू शकतो, त्यामुळे चूक चटकन लक्षातही येत नाही.