समाधानी राहा म्हणणाऱ्यांनो

परवा राहुरीजवळच्या एका गावी मावशीला भेटायला गेलो होतो. काढलेला उन्हाळ कांदा अवकाळी पावसात भिजून सडलेला, डोक्यावर सोसायटीचं कर्ज, आणि मावशी ओट्यावर गप्प बसलेली. संध्याकाळी मंडळी प्रार्थनेला जमली. प्रार्थना झाली, चहा झाला. निघताना एक वडीलधारे म्हणाले, "बाई, आहे त्यात समाधान मानावं. पौलानं सांगितलंच आहे." मावशीनं मान डोलावली. माझं मात्र डोकं फिरलं.

कारण पौलानं असं सांगितलेलं नाही! फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राचा चौथा अध्याय काढून वाचा. लिहिणारा माणूस कैदेत आहे. तो म्हणतो, समाधानी राहायला मी शिकलो आहे. भरल्या पोटीही आणि उपाशीपोटीही. 'मी', आणि तेही 'शिकलो'. म्हणजे त्यालाही वेळ लागला. आणि लगेच पुढे तो फिलिप्पैकरांना शाबासकी देतो, कशाबद्दल? माझ्या संकटात वाटेकरी झालात, एपफ्रदीताच्या हाती मदत पाठवलीत, याबद्दल. समाधानाची गोष्ट कैदी बोलतो. बाहेरचे लोक मदत पाठवतात. आपण नेमकं उलटं केलंय. भेटायला येणारा उपदेश करतो आणि हात हलवत परत जातो.

कुणी म्हणेल, कुरकुर करणं हा अविश्वासच. मग स्तोत्रसंहितेचं काय करायचं? तिथे पानोपानी देवाला जाब विचारलाय. गेथशेमाने बागेत खुद्द प्रभूनं हा प्याला टळू दे म्हणून विनवलं. तोही अविश्वास का?

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. इकडे लक्ष्मीबाईंचं जग कोसळलं. नवरा जिवंत असून संसार मोडलेला, पदरात लहान मुलगा. पुढे त्या नगरला आल्या, पण लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. सोवळं-ओवळं, जातीचा विटाळ, एकेक गोष्ट मनातून सुटायला वर्षं गेली. बाप्तिस्मा झाला तो 1900 साली. तेव्हा छप्पन्नाच्या दुष्काळानं माणसं हवालदिल होती आणि टिळकांच्या घरी पैसा कधी टिकत नव्हता. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना ठाऊक आहे, या बाईनं आपलं रडणं लपवलं नाही, राग लपवला नाही, नवऱ्याशी झालेली भांडणंही लपवली नाहीत. तरी पुस्तकभर हसू आहे. 1919 साली टिळक गेले. त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' शाळेत न गेलेल्या या बाईनं पुरं केलं. मला समाधान दिसतं ते इथे. ते कुणी हुकूम सोडून तिच्यात आणलं नव्हतं.

आणखी एक. आपल्या मंडळ्यांतले बहुतेक जण महार-मांग समाजांतून आलेले. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत. पोरं याबद्दल विचारतात तेव्हा त्यांनाही हेच ऐकवतात, स्वर्गाकडे बघा, समाधानी राहा. त्यांनी स्वर्गाकडे जरूर बघावं. पण अर्ज करू नये, मोर्चात जाऊ नये, असं कुठल्या वचनात आहे?

असो. मंडळी गेल्यावर मावशी चुलीपुढे बसली. भाकरी थापता थापता म्हणाली, "सगळ्यांदेखत रडता येईना रे. दुपारी एकटीच देवाला सगळं सांगून रडले. तेव्हापासून जरा बरं वाटतंय. कांद्याचं बघू आता."

ते वडीलधारे भले गृहस्थ आहेत. त्यांच्या दारात ट्रॅक्टर आहे आणि मावशीचं रान अजून नांगरायचंय. पुढच्या खेपेला त्यांनी शास्त्र घरी ठेवून ट्रॅक्टर आणला, तरी पौलाची काही हरकत नसावी.