भोंगा थोरांसाठीही

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ साली ग्रामस्थांनी ठरविले, की संध्याकाळी ७ ला देवळावरचा भोंगा वाजला म्हणजे घरोघरी टीव्ही अन् मोबाईल बंद, आणि मुलांनी ८.३० पर्यंत अभ्यासाला बसायचे. (करोनाकाळात शाळाच मोबाईलवर भरली, तेव्हा तो मुलांच्या हाती थोरांनीच दिला होता!) मला या प्रयोगात भोंग्याहून एक गोष्ट मोलाची वाटते. ही बंदी वडीलधाऱ्यांनाही होती. आईची मालिकासुद्धा बंद. शहरातल्या घरांतून मात्र 'मोबाईल ठेव' असे वडील बजावतात, ते स्वतःच्या मोबाईलवरून मान वर न करता. पोराने ऐकावे तरी कुणाचे? दीड तास नुसते गप्पा मारीत बसणे मुलांपेक्षा थोरांनाच जड जाईल, अशी मला दाट शंका आहे.