आधी जवळचा मुरूम तपासा

बुलढाणा जिल्ह्यात राष्ट्रीय महामार्गाच्या भरावासाठी मुरूम हवा होता आणि गावांना पाणी. नाले, तलाव खोल केले, शेततळी खणली. निघालेला मुरूम भरावाला गेला आणि खोदलेल्या जागी पावसाचे पाणी साठले. या ‘बुलढाणा पॅटर्न’चे कौतुक नीती आयोगानेही केले. राष्ट्रीय महामार्गाला जे जमले, ते वाडीवस्तीच्या दोन-तीन किलोमीटरच्या रस्त्याला का जमू नये?

अडचण अंदाजपत्रकात आहे. खडी-मुरमाच्या वाहतुकीला ‘लीड’, म्हणजे खाणीपासूनचे अंतर, धरून पैसे मिळतात. खाण लांबची दाखवली की रक्कम फुगते. जवळचा साठा शोधणाऱ्याच्या पदरात मात्र काहीच पडत नाही. शिवाय लांबून येणारे भरलेले हायवा ट्रक वाटेतल्या गावांचे रस्ते उखडतात. त्या दुरुस्तीचा खर्च या कामाच्या हिशेबात कधीच येत नाही.

जवळचे म्हणजे हाताला लागेल ते, असे मुळीच नव्हे. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर थेट रस्ता बांधला तर वरचे डांबर कितीही चांगले असो, रस्ता खचतोच. तिच्यात चुना मिसळून ती बसवावी लागते, नाहीतर काढून मुरूम भरावा लागतो. तलावातला गाळ शेताला आणि त्याखालचा मुरूम रस्त्याला, हीच खरी वाटणी. मुरमातही माती जास्त असेल तर पहिल्याच पावसात चिखल होतो. म्हणून सीबीआर चाचणी हवी: दाबून बसवलेला नमुना चार दिवस पाण्यात भिजवायचा आणि मग त्याची ताकद मोजायची. कमी वाहतुकीच्या ग्रामीण रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसने २००७ मध्ये वेगळी मार्गदर्शिका काढली. तिच्यात रस्त्याच्या थरांची जाडी ही ताकद आणि वाहतूक यांवरून ठरते. कोकणात जांभ्याचा मुरूम आहे. चंद्रपूर, कोराडी, परळीच्या आसपास भरावाला औष्णिक केंद्रांची राख आहे. तीही तपासूनच वापरायची.

तेव्हा अंदाजपत्रकाला मंजुरी देण्यापूर्वी पंचक्रोशीतल्या साठ्यांचे चाचणी अहवाल मागवावेत. लांबची खाण धरायची असेल, तर जवळचा मुरूम का नाकारला ते लेखी द्यावे. रस्त्याच्या कडेच्या फलकावर ठेकेदाराचे नाव आणि कामाची रक्कम असते. तिथेच मुरूम कोणत्या गटातून आणला आणि त्याचा सीबीआर किती भरला, या दोन ओळीही लिहाव्यात.