हरता येत नसेल, तर गेम कसला?

मार्च २०२५मध्ये ‘असॅसिन्स क्रीड शॅडोज’ आला, तेव्हापासून एकच रड ऐकतोय: जपानवर गेम होतो, मराठ्यांवर का नाही? युबिसॉफ्टचा स्टुडिओ तर २००८पासून पुण्यातच आहे!

अडचण आपल्या मनात आहे. गेममध्ये नायक चुकतो, कड्यावरून पडतो, मरतो, पुन्हा उठतो. आपल्याला मात्र कधीच न हरणारा इतिहास हवा. तसल्या इतिहासाचा पुतळा होतो, गेम होत नाही.

जपानमध्येही वाद झाला. गेममध्ये देवळाची मोडतोड करता येते, हा प्रश्न थेट संसदेत गेला. कंपनीने बदल केला आणि गेम आला. आपल्याकडे आला असता?

आमच्या एकलहऱ्याहून रामशेज तासाभरावर. १६८२मध्ये मोगलांनी वेढलेला हा गड वर्षानुवर्षं झुंजला. खेळणाऱ्याला तिथला एक काल्पनिक शिपाई होऊ द्या. त्याच्या चुकीने शंभरदा गड पडू द्या. तेव्हाच कळेल, तो राखणं किती अवघड होतं.

१६६५मध्ये पुरंदरच्या तहात महाराजांनी २३ किल्ले दिले, आणि पुढे स्वराज्य वाढवलं. महाराजांना माघार पचली. त्यांच्या नावाने भावना दुखवून घेणाऱ्यांना ती गेममध्येही पचत नाही.