अपंगत्वाची लाज कशाला?

दरवर्षी ३ डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिन साजरा होतो. कार्यक्रम होतात, शाल-श्रीफळ दिले जाते, फोटो निघतात. पण ज्या व्यासपीठावर सत्कार होतो, त्याला बहुतेक वेळा फक्त पायऱ्याच असतात. सत्कारमूर्तीला चौघे जण खुर्चीसकट उचलून वर नेतात आणि त्यात कुणालाच काही खटकत नाही.

"डॉक्टर, अपंगत्वाचा अभिमान कसला बाळगायचा?" असे तुम्ही विचाराल. अभिमान आजाराचा नसतो. आहे त्या शरीराची लाज न बाळगता चारचौघांत मानाने वावरण्याचा असतो. उपचार घेणे आणि असा अभिमान बाळगणे यांत काहीही विरोध नाही. उलट, लाजेमुळेच उपचार अडतात.

"काठी घेतली तर लोक काय म्हणतील?" म्हणून भिंतीला धरून चालणारे आजोबा पडतात आणि खुब्याचे हाड मोडून अंथरुणाला खिळतात. कानाचे मशीन नको म्हणणाऱ्या आजी हळूहळू गप्पांमधून बाजूला पडतात. कमी ऐकू येण्याकडे दुर्लक्ष केल्यास स्मृतिभ्रंशाचा धोकाही वाढतो. मुलावर शिक्का बसेल या भीतीने आई-वडील प्रमाणपत्र काढत नाहीत आणि त्याचे हक्क हातचे जातात.

हे हक्क माहीत करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. स्वमग्नता, सिकलसेल, थॅलेसेमिया, पार्किन्सन आणि दीर्घकालीन मानसिक आजारही त्यात येतात. म्हणजे दिसत नाही ते अपंगत्व नाही, असे समजू नका. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असल्यास सरकारी नोकरीत ४ टक्के आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत ५ टक्के आरक्षण आहे. यूडीआयडी कार्डासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो.

सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पोहण्यात भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. त्यांचे कौतुक करावेच. पण प्रत्येकाने पदक मिळवल्यावरच त्याला मान द्यायचा का? शेजारच्या ताईला व्हीलचेअरवरून गणपतीच्या आरतीला येता आले पाहिजे, आणि त्यासाठी तिने काही सिद्ध करून दाखवायची गरज नसावी.

आता तुम्ही काय करू शकता ते सांगतो. सोसायटीत किंवा मंडपात रॅम्प करताना १ फूट उंचीला किमान १२ फूट लांबी ठेवा. याहून उभा रॅम्प धोक्याचा ठरतो. महाराष्ट्रात ग्रामपंचायत आणि नगरपालिकांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो कुठे खर्च झाला, हे ग्रामसभेत विचारा. बोलताना सोबतच्या माणसाशी नव्हे, थेट त्या व्यक्तीशी बोला. मदत करण्याआधी विचारा. "बिचारा" हा शब्द तर कायमचा सोडा. आणि उत्सव समितीत एखाद्या दिव्यांग सदस्याला घ्या. कुठे काय अडते, ते त्याच्याइतके नेमके दुसरे कोणी सांगू शकणार नाही.

आपण सगळेच म्हातारे होणार आहोत. आज बांधलेला रॅम्प उद्या आपल्यालाही लागेल.